खालच्या टोकाचा माणूस

जड कपाट जिन्यावरून उतरवायला दोन माणसं लागतात आणि दोघांची कामं वेगळी असतात. वरच्या टोकाचा माणूस बोलतो, खालच्या टोकाचा पेलतो. खालचा उलटा चालत असतो, त्याच्या तोंडासमोर कपाट असतं, त्याला पायरी दिसत नाही, आणि बहुतेक वजन त्याच्याच छातीवर येतं. म्हणून वरच्याने सांगत राहायचं: एक पायरी, अजून एक, आता वळण, कठडा जपा. खालच्याने बोलायचं नाही. बोलायला गेलं की श्वास सुटतो आणि श्वास सुटला की पकड सुटते. त्याला एकच शब्द मोकळा असतो, "टेकव". तो ऐकला की वरच्याने काही विचारायचं नाही, आहे त्या पायरीवर वजन टेकवायचं.

आमच्या धंद्यात मी वरचा आणि भाऊजी खालचे. भाऊजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. गाडी त्यांची, सामान उचलायचे पट्टे त्यांचे, गिऱ्हाइकं त्यांची. मी ताईच्या लग्नात आंदण मिळाल्यासारखा त्यांच्या गळ्यात पडलो. बोलणं हे माझं काम आहे आणि देवाने तोंडही तसंच दिलंय. भाऊजींचं नेमकं उलट. कामावर असोत नाहीतर घरी, विचारल्याशिवाय उत्तर नाही आणि विचारल्यावरही निम्मंच.

एकदा एका अरुंद जिन्यात त्यांचा अंगठा भिंत आणि कपाटाचा कोपरा यांच्यामध्ये सापडला. ठेचलेल्या अंगठ्यानेच ते पुढचे दोन मजले उतरले. खाली आल्यावर कपाटाला गुंडाळलेल्या रजईवर रक्त दिसलं तेव्हा मला कळलं. मी भडकलो, सांगता येत नव्हतं का म्हणून विचारलं. तर म्हणाले, तू पायऱ्या सांगत होतास ना, मध्ये कुठे बोलू. लोक त्यांच्या या सहनशीलतेचं तोंडभरून कौतुक करायचे. मीही करायचो. आता मला तो गुण वाटत नाही, आणि का वाटत नाही तेच सांगायला बसलोय.

ताई आमच्यासाठी सामानाला गुंडाळायच्या जाड रजया शिवते. फाटलेली रजई न्यायला ती अधूनमधून गाडीपाशी येते. एके दुपारी अशीच आली, रजई काखेत मारली आणि निघायचं नाव काढेना. भाऊजी वर गिऱ्हाइकाकडे चहा पीत होते. ती गाडीच्या फळीवर बसली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू दिवसभर त्यांच्याबरोबर असतोस. खरं सांग, त्यांचं बाहेर काही आहे का?"

मी हसलोच. भाऊजींसारखा नाकासमोर चालणारा माणूस, आणि बाहेर काही? तर ती रडायला लागली. माझी ताई आई गेली तेव्हाही चारचौघांत रडली नव्हती. मग तुटक तुटक बोलली. पाठ दुखते म्हणून भाऊजी बाहेरच्या खोलीत घडीच्या खाटेवर झोपतात, त्याला वर्ष होऊन गेलंय. सुरुवातीला तिने शेक दिला, तेल चोळलं. मग लक्षात आलं की पाठीचं दुखणं फक्त निजायच्या वेळी येतं, आणि सकाळी हाच माणूस लोकांची लाकडी कपाटं उचलतो. ती जवळ जाऊन बसली की ते पाणी प्यायला उठतात. याहून जास्त काही ती बोलली नाही, भावाला कोण किती सांगणार. पण माझ्या मनात पाल चुकचुकली.

त्या दिवसापासून मी भाऊजींवर नजर ठेवली, आणि जे दिसलं त्याने माझं डोकं भणाणलं.

सिगारेट सुटली होती. प्रत्येक सामान गाडीत चढलं की एक पेटवणारा हा माणूस आता बडीशेप चघळत उभा राहायचा. मी ते आधीपासून पाहत होतो आणि खोकल्यामुळे असेल असं समजत होतो. चहा बिनसाखरेचा. आठवड्याचं काम संपलं की आम्ही दोघं थोडी घ्यायचो, तर आता तेही नको. काम संपल्यावर गाडीत बसायचं सोडून, तू हो पुढे, मी चालत येतो, असं म्हणायचे आणि लांबच्या रस्त्याने तरातरा निघायचे. पोट उतरलं होतं, कमरेच्या पट्ट्याला नवं भोक पाडलं होतं. डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेली होती. आणि दर शनिवारी दुपारनंतर ते दाढी करून, धुतलेला शर्ट घालून कुठेतरी जायचे. कुठे, ते सांगायचे नाहीत.

आता पन्नाशी उलटलेला माणूस एकाएकी असा चकचकीत व्हायला लागला, तर तुम्हाला काय वाटेल? मलाही तेच वाटलं. मी ताईला काही बोललो नाही, पण तिला डोळे आहेत. रजया झाडताना तिला गाडीतल्या पेटीत तळाशी दडवलेलं एक खोकं सापडलं. आत काचेसारखी पारदर्शक नळी, तिला जोडलेला हाताने दाबायचा छोटा पंप आणि रबरी कडी. हे कशाचं हत्यार ते तिला कळेना. पण खोक्यावर एक बाई आणि एक पुरुष एकमेकांना बिलगून हसत होते, आणि तेवढं तिला पुरलं. पुढच्या शनिवारी ती स्वतःच त्यांच्या मागोमाग गेली. तीन गल्ल्यांपलीकडच्या एका इमारतीत पहिल्या मजल्यावर एका तिशीतल्या बाईने दार उघडलं, भाऊजींनी चपला बाहेर काढल्या आणि ते आत गेले. ताई समोरच्या फुटपाथवरून परत फिरली. वर जाऊन दारावरची पाटी तिने वाचलीच नाही.

संध्याकाळी तिने मला बोलावून हे सगळं सांगितलं. आवाजात काही चढउतार नव्हता. "उद्या गाडी घेऊन ये. मी लेकीकडे राहायला जातेय. माझं कपाट न्यायचंय."

मी समजूत घालून पाहिली. भाऊजींना समोर बसवून विचारू म्हटलं. ती म्हणाली, इतकी वर्षं विचारून विचारून माझी जीभ झिजली, आता त्यांना वाटलं तर त्यांनी बोलावं. रात्री तिने त्यांनाही तेवढंच सांगितलं की मी जातेय आणि कपाट नेतेय. ते म्हणाले, बरं.

बरं. हा शब्द ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ते कपाट ताईच्या लग्नातलं. अस्सल लाकूड, दाराला उभा आरसा. त्या वर्षी भाऊजींनीच ते पाठीवरून तिसऱ्या मजल्यावर चढवलं होतं असं ती कौतुकाने सांगायची. रविवारी सकाळी मी वर गेलो तर कपाट रिकामं केलेलं, आरशावर रजई गुंडाळलेली, ताई हातात पिशवी घेऊन दारात, आणि भाऊजी खांद्याला पट्टा लावून खालच्या टोकाशी तयार. स्वतःच्या बायकोचं कपाट स्वतःच्या घराबाहेर काढायला हा माणूस ओणवा होऊन उभा. मी म्हटलं, तुम्ही राहू द्या, मी दुसरा कोणी बघतो. त्यांनी मान हलवली. या जिन्याचं वळण दुसऱ्याला जमणार नाही, म्हणाले. हेही त्यांनी माझ्याकडे न बघताच सांगितलं.

आम्ही उचललं. मी पायऱ्या सांगत होतो, एक, अजून एक, पण माझा आवाज मलाच परका वाटत होता. ताई आमच्या मागून एकेक पायरी उतरत होती. तिसरा मजला संपला, दुसऱ्याचं वळण आलं. आणि तिथे मी बोलणं बंद केलं.

आमच्या धंद्यात याहून मोठा गुन्हा नाही. वरच्याने गप्प बसायचं नसतं. पण माझ्या डोक्यात त्या वेळी एकच होतं की हा माणूस बायको जाताना बघतोय, तिचं सामान उचलतोय आणि तरी तोंडातून ब्र काढत नाही. मग मीच का बोलावं? भाऊजींनी एक पाय मागे नेला, पायरी चाचपली, मिळाली नाही, पाय परत जागेवर घेतला. वाट पाहिली. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. कपाटाच्या कडेवरची त्यांची बोटं पांढरी पडली होती.

"टेकव," ते म्हणाले.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी घाबरून कपाट टेकवलं. मला वाटलं, छातीत कळ आली. पण त्यांनी खांद्यावरचा पट्टा काढला, कपाटाच्या बाजूने मान बाहेर काढली आणि माझ्या डोक्यावरून वर ताईकडे पाहिलं.

"माझ्याच्याने होत नाही," ते म्हणाले. "वर्षाच्या वर झालं. पाठ ठीक आहे माझी. पाठीचं खोटं सांगत होतो."

ताईला आधी कळलं नाही. मला कळलं, आणि धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. खाली कपाट, वर बहीण, मध्ये मी. जायला वाट नाही. भावाने ऐकू नये असं सगळं मला उभ्याने ऐकावं लागलं. भिंतीवरच्या रंगाचे पोपडे मी त्या दिवशी जेवढे बारकाईने पाहिले तेवढे आयुष्यात कधी पाहिले नसतील.

एकदा बोलायला लागल्यावर भाऊजी थांबले नाहीत. आधी त्यांनी कोणा ऐऱ्यागैऱ्याकडून गोळ्या आणल्या होत्या, पाकिटावर आत काय आहे तेही छापलेलं नव्हतं. त्या घेतल्या आणि छातीत अशी धडधड सुरू झाली की त्या खाटेवर बसून ते दिवस उजाडायची वाट पाहत राहिले. म्हणून मग डॉक्टर. डॉक्टरांनी गोळीचं नावही न काढता आधी रक्त तपासलं. साखर वाढलेली निघाली, रक्तदाबही. डॉक्टर म्हणाले, तिथल्या रक्तवाहिन्या बारीक असतात, म्हणून तक्रार आधी त्या करतात. दुर्लक्ष केलं तर काही वर्षांनी तीच तक्रार हृदयाकडून येते. तुम्ही बायकोपायी आलात हे बरं झालं, नाहीतर थेट छातीत कळ घेऊन आला असतात. सिगारेट बंद, दारू बंद, रोज दम लागेल इतकं चालणं, पोट कमी, झोप पुरेशी. हे सगळं केल्यावर मग औषधाचं बघू.

म्हणजे ज्या ज्या गोष्टीवरून आम्ही भावंडं त्यांना गुन्हेगार ठरवून बसलो होतो, ती प्रत्येक गोष्ट हा माणूस ताईसाठी करत होता.

शनिवारची बाई व्यायाम शिकवणारी निघाली. ओटीपोटाच्या तळाशी जे स्नायू असतात, लघवी अडवताना आवळले जातात ते, ते बळकट करायचे असतात. भाऊजींनी इमानदारीने रोज केलं, पण केलं ते हमालाच्या पद्धतीने. दम कोंडायचा, पोट पुढे काढायचं आणि कपाट उचलताना लावतात तसा सगळा जोर खाली लावायचा. दोन महिने घाम गाळला आणि फरक शून्य. शेवटी तिने पोटावर हात ठेवून बघितलं तेव्हा तिला समजलं.

"ती म्हणाली, काका, इथे कपाट नाहीये. जोर लावू नका, श्वास चालू ठेवा आणि फक्त आतून वर ओढा." भाऊजींनी कपाळावरचा घाम पुसला. "मला वर ओढायचं म्हणजे काय तेच कळेना. मला पेलायचंच माहीत."

आणि ते खोकं? तेही डॉक्टरांनीच सुचवलं होतं. नळीतली हवा पंपाने काढून घेतली की रक्त आत येतं, मग कडी बसवायची, तीही अर्ध्या तासाच्या आत काढायची. पण डॉक्टरांनी बजावलं होतं की हे बायकोपासून लपवून करायचं काम नाही, तिला घेऊन या. त्यामुळे खोकं आणल्यापासून एकदाही वापरलं नव्हतं. दर शनिवारी भाऊजी ठरवायचे, आज हिला सांगू, आणि दर शनिवारी दाढी करून एकटेच जायचे.

"मला का नाही सांगितलंत?" ताईने विचारलं.

"दुरुस्त झाल्यावर सांगणार होतो."

ताई दोन पायऱ्या उतरली. आता ती माझ्या इतकी जवळ होती की तिच्या हातातली पिशवी माझ्या खांद्याला लागत होती. "मी रोज या कपाटाच्या आरशात बघत होते," ती म्हणाली. "मला वाटलं, मी म्हातारी झाले. तुम्हाला नकोशी झाले. एक शब्द बोलला असतात तर वर्षभर मी स्वतःला बघून रडले नसते."

भाऊजींनी रजई गुंडाळलेल्या त्या आरशावर कपाळ टेकवलं आणि तसेच उभे राहिले. खालच्या मजल्यावर कोणीतरी दार उघडलं, वर बघितलं आणि हळूच बंद केलं. नंतर ताईने पदराने तोंड पुसलं आणि मला म्हणाली, "कपाट वर घे."

मी भाऊजींना म्हटलं, तुम्ही वर या, खाली मी धरतो. त्यांनी नेहमीप्रमाणे मान हलवली. पण ताई म्हणाली, तो सांगतोय तसं करा. ते कठड्याला अंग चोरून वर आले, मी खाली गेलो. आणि आयुष्यात पहिल्यांदा मला कळलं की खालच्या टोकाला काय असतं. समोर फक्त रजई, छातीवर सगळा भार आणि पुढच्या पावलासाठी दुसऱ्याच्या आवाजाकडे कान. भाऊजींना पायऱ्या सांगायची सवय नव्हती. एक, म्हणाले, आणि गप्प झाले. मग ताई मागून म्हणाली, अहो, बोला ना पुढे. मग म्हणाले, अजून एक. मी त्या एका जिन्यात तीनदा टेकवलं आणि मला लाज वाटली नाही.

पुढचं मला सगळं ठाऊक नाही आणि ठाऊक करून घ्यायचंही नाही. दोघं मिळून डॉक्टरांकडे जायला लागली, एवढं दिसलं. डॉक्टरांनी भाऊजींच्या हृदयाची तपासणी करून घेतली, छातीचं एखादं औषध चालू आहे का ते दोनदा विचारलं, कारण काही औषधांबरोबर या तक्रारीवरची गोळी जिवावर बेतू शकते, आणि मगच चिठ्ठीवर लिहून दिली. जड उचलताना दम कोंडायचा नाही असंही सांगितलं. तेव्हापासून धंद्यात मी खालचा आणि ते वरचे. साखर आटोक्यात आहे, अगदी गेली नाही. चालायला आता ताईही जाते. दोघं गाडीच्या पुढून तरातरा निघून जातात आणि सामान मी एकटा मोजत बसतो.

सगळं पूर्वीसारखं झालं का? हे मी विचारलेलं नाही. बहीण आहे ती माझी. शिवाय पन्नाशीनंतर काहीच अगदी पूर्वीसारखं होत नसतं, माझे गुडघेसुद्धा. पण एका रविवारी ताईचा पुन्हा निरोप आला. गाडी घेऊन ये, घरातलं सामान न्यायचंय.

वाटेत मी काय काय मनाशी जुळवलं, भाऊजींना काय बोलायचं, तिला कसं थांबवायचं. जिना कसा चढलो ते माझं मला माहीत. दार उघडंच होतं. ताई कपाटासमोर उभी राहून केस विंचरत होती, आरशातूनच मला म्हणाली, ती बाहेरच्या खोलीतली ने. उगाच जागा अडवून बसलीय.

भिंतीला टेकवून ठेवलेली घडीची खाट होती. भाऊजींची. पट्ट्यांनी बांधून तयार.

ती उचलायला दोन माणसं कशाला, मी एका हाताने उचलली आणि जिना उतरायला लागलो. अर्ध्यावर गेलो तर वरून आवाज आला. भाऊजी कठड्यावर वाकून उभे होते आणि मला पायऱ्या सांगत होते. एक. अजून एक. आता वळण. मला जिना दिसत होता, पाठ होता, खाटेला वजन नव्हतं. तरी मी त्यांना थांबवलं नाही. शेवटच्या पायरीपर्यंत त्यांना बोलू दिलं.